लेप वाळेपर्यंत

गुडघ्याच्या लेपाची मुळी कोणती, हे बायजाआजीने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नाव फुटलं की हाताचा गुण जातो, असं सासूने बजावलेलं. मागच्या वर्षी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई तिच्या ओटीवर येऊन बसल्या. "आजी, तुमच्यामागे हे कुणाला येणार?" आजीने सांगून टाकलं.

गुण गेला की राहिला, ते कळायला नंतर कुणी आलंच नाही. केंद्रात त्याच मुळीचं मलम फुकट मिळू लागलं. चोळलं की चालायला मोकळं. आजीकडे लेप वाळेपर्यंत उठायचं नाही, असा दंडक होता. तासभर बायका पाय पसरून बसायच्या, सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या, दोनदा चहा व्हायचा.

आज तिचाच गुडघा धरला. मुळी घरात होती, सहाणही होती. तरी ती लंगडत केंद्राच्या रांगेत जाऊन उभी राहिली. नव्या नर्सने तिला ओळखलं नाही. मलमाची डबी हातात देत विचारलं, "आजी, कसं लावायचं माहीत आहे ना?"

आजी बाकावर टेकली, शेजारची जागा हाताने पुसली.

"नाही गं बाई. बस इथं. सावकाश सांग."