रुकियाची साक्ष

आरोपीच्या वकिलानं रुकियाला पुन्हा तोच प्रश्न विचारला. इतक्या वर्षांनी, तेव्हा तोंडाला काजळी फासलेला माणूस तिनं ओळखला तरी कसा?

कसा म्हणजे? समोरच्या पिंजऱ्यातल्या मिलुतिनला तिनं त्याआधीही पाहिलं होतं. द्रिना नदीपलीकडच्या सर्ब गावातला पोरगा. फुटबॉलच्या मैदानात ढोल बडवायचा, मॅच हरली की दगड मारायचा. मग कुणा बड्या लोकांनी त्याच टोळक्याला गणवेश दिले, बंदुका दिल्या, बाहीवर रानडुकराचं चित्र शिवून दिलं. घोषणा त्याच राहिल्या, फक्त समोरचा संघ बदलला. आता समोर बोस्नियातली मुसलमान गावं होती. ब्याण्णवच्या वसंतात ही टोळी रुकियाच्या गावात शिरली. ट्रक भरभरून गालिचे नेले, फ्रीज नेले आणि माणसंही नेली. तिचा नवरा अवदिया मधमाश्यांच्या पेट्यांपाशी होता, त्याला तिथूनच उचललं. त्याची हाडंसुद्धा सापडली नाहीत.

शिक्षा किती होते, याचं तिला काही नव्हतं. अवदियाला मूठमाती द्यायची, एवढंच उरलं होतं. त्यासाठीच ती सर्बियातल्या, बेलग्रेडच्या या कोर्टात आली होती.

सकाळी व्हरांड्यात रानडुकराचे बिल्ले लावलेली काही माणसं तिला ऐकू जाईल असं म्हणाली होती, "आल्या बाई. पाठांतर झालेलं दिसतंय." शेजारी बसलेल्या, काळा रुमाल बांधलेल्या एका सर्ब म्हातारीनं थर्मासमधली कॉफी तिच्या हातात दिली. साक्षीदारांना धीर द्यायला शहरातल्या काही बायका येतात, असं रुकियानं ऐकलं होतं. त्यांतलीच एक असावी. म्हातारीनं मालकांचं नाव तेवढं विचारलं, आणि ते ऐकल्यावर बराच वेळ मान वर केली नाही.

"बाई, उत्तर द्या," वकील म्हणाला. "की आठवत नाही?"

पिंजऱ्यात मिलुतिन हसला. रुकियानं कठडा धरला.

"मला काय विचारता? त्याला विचारा, माझा माणूस कुठे पुरलाय. त्यानं सांगावं, मी उठून घरी जाते."

मिलुतिन छताकडे बघत राहिला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून ती म्हातारी उठली. बिल्लेवाले तिच्यावर ओरडायला लागले, शिपाई तिला बसवायला धावला, पण ती थांबली नाही. द्रिनाकाठच्या खाणीपलीकडे चुन्याची जुनी भट्टी आहे, तिच्यामागच्या खड्ड्यात या बाईंच्या गावातून नेलेली सगळी माणसं पुरली आहेत, ती म्हणाली. कधीही चला, मी जागा दाखवते.

न्यायाधीशांनी तिला पुढे बोलावलं. ती कठड्यापाशी येऊन उभी राहिली. रुकियानं तिचा हात घट्ट धरला.

हे तुम्हाला कुणी सांगितलं, न्यायाधीशांनी विचारलं.

"त्यानंच, दारूच्या भरात. इतकी वर्षं पोटात ठेवलं. आता नाही राहवत." म्हातारीनं पिंजऱ्याकडे पाहिलं. "मी त्याची आई आहे."

रुकियानं धरलेला हात सोडला नाही.