हलकं झालेलं वजन

मायबापहो, जरा जवळ सरका, एका आईची गोष्ट सांगतो.

साठीच्या अनसूयाबाई आयुष्यात पहिल्यांदा जिमची पायरी चढल्या. व्यायामाने कमावलेली ताकद त्यांच्या मनगटावरचा पट्टा थेट इस्पितळात निजलेल्या लेकाच्या, मुकुंदाच्या अंगात पाठवायचा. म्हणून महिना झाला तरी दोन किलोचं डंबेल त्यांना पहिल्या दिवसाइतकंच जड.

"काकू, आकडे मोजा की!" ट्रेनर शर्वरी हसायची.

"मला रामकृष्णहरीच मोजता येतं गं, बाई."

आज मात्र दर खेपेला डंबेल हलकं होत गेलं.

"वा काकू, अखेर जमलं!" शर्वरीने टाळी वाजवली.

अनसूयाबाईंच्या ओठावरचं नाम थांबलं. पलीकडे ताकद घ्यायला कोणी उरलं नव्हतं.

मायबापहो, कधी ओझं हलकं वाटलं, तर मुकुंदाची आठवण काढा.