आठवीचं गणित

"सिद्धेश, जरा येतोस का?" स्वानंदीने हाक मारली आणि सिद्धेशने ओळखलं, बायको गणितात अडकली! इथल्या अमेरिकन कम्युनिटी कॉलेजच्या ऑनलाइन अल्जिब्राची फायनल होती आणि 'ए' आला तरच तिला नर्सिंगला अ‍ॅडमिशन होती.

"ऊठ. हे आपल्याकडे आठवीतली पोरं करतात," म्हणत त्याने तिला खुर्चीतून उठवलंच.

"अरे, ऐक तर..."

"मध्ये बोलू नकोस, माझी लिंक तुटते!"

स्क्रीनवरची उत्तरं बघून तर त्याचं डोकंच फिरलं. एक छेद तीन काय, तीन छेद सात काय! त्याने सगळं खोडलं, झोकात पॉइंट तेहेतीस, पॉइंट त्रेचाळीस भरलं आणि सबमिट दाबून मोकळा झाला.

अठ्ठावीस टक्के. दशांशातलं एकही उत्तर मशीनने घेतलं नव्हतं.

"कसलं भिकार सॉफ्टवेअर आहे!" त्याने टेबलावर मूठ आपटली. "आणि तू काय बघत बसलीस? सांगता येत नव्हतं?"

स्वानंदी उसळली. "सगळा पेपर सोडवून, दोनदा तपासून झाला होता माझा. सबमिट करण्याआधी प्रिंट काढत होते. प्रिंटरमध्ये कागद अडकला, म्हणून तुला बोलावलं!"