जरा म्हणजे किती

सिमेंटच्या कारखान्यात भट्टी सांभाळणाऱ्या काकांशेजारी मी तीन आठवडे वही घेऊन बसले. काचेतून ज्वाळेचा रंग बघून ते कोळसा कमी-जास्त करायचे. "जरा लाल वाटली की थोडा वाढवायचा," ते म्हणायचे. जरा म्हणजे किती, थोडा म्हणजे किती, हे मी खोदून खोदून विचारायची आणि ते न कंटाळता सांगायचे. माणसाचं असं 'जरा' आणि 'थोडं' यंत्राला शिकवणारं फझी लॉजिक, हेच माझं काम होतं. "यंत्र फक्त तुमच्या मदतीला असेल, काका," असं मी त्यांना सांगितलं होतं. ते खरंच तसं आहे का, हे साहेबांना विचारून घ्यायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

सत्तावीस नियम तयार झाले. त्यांवर यंत्राने महिनाभर भट्टी चालवली, अगदी काकांसारखी. मग साहेबांनी काकांना बोलावून सांगितलं, की सोमवारपासून यायची गरज नाही.

मी धावत जाऊन त्यांना फाटकापाशी गाठलं. ते सायकलला डबा अडकवत होते.

"काका, असं होणार हे मला माहीत असतं तर..." मी म्हणाले.

"तू वही उघडलीस ना, त्याच दिवशी मला कळलं होतं," ते शांतपणे म्हणाले.

"मग सगळं सांगितलंत कशाला?"

त्यांनी सायकल स्टँडवरून काढली.

"एकतीस वर्षं भट्टीपुढे काढली, पोरी. हे तुम्ही कसं करता, असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं."