बियाणं जमा

माही नणंद उर्मिला सौंसरची. सरकारी स्कॉलरशिपवर नागपूरले जवारीच्या नव्या वाणावर पीएचडी करून राहिली होती. चार वर्षं एकेक कणीस पिशवीत बांधून असं वाण काढलं, का कणसावर मोर बसला तरी ताट वाकत नव्हतं! छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्यप्रदेशात राह्यलं.

स्कॉलरशिपच्या हापिसातला साहेब म्हणे, "बाई, तुम्ही आता परराज्यातल्या. स्कॉलरशिप बंद."

"अन् माही जवारी?"

"ती इथल्या शेतात पिकली. बियाणं जमा करून जा."

जवारी इथली अन् पोरगी परकी! उर्मिलाचं डोस्कं सणकलं. दुसऱ्या दिवशी तिनं टेबलावर थैली आपटली. साहेबानं उघडली.

"अहो, या तर लाह्या आहेत!"

"खा ना साहेब. जवारी तुमचीच. उगवणं तेवढं मी घरी नेलं."