मागचं दातेरी चक्र

धारवाडच्या मोटारसायकल शर्यतीत सलग चार वर्षं पहिले येणारे भीमसेनराव वकील यंदा शेवटून पहिले आले. सपाट रस्त्यावर गाडी नुसतीच ओरडत राहिली, वेग काही घेईना. ते तडक हुबळीला बाबूअण्णा मेकॅनिककडे गेले.

"मागच्या चाकाचं दातेरी चक्र मोठं बसवलंय, साहेब," बाबूअण्णा म्हणाला. "ओढ वाढते, वेग कमी होतो."

"कुणाला विचारून?"

"तुमच्या घरून अक्कांचा निरोप आला होता. मला वाटलं, तुमचाच."

घरी त्यांची बायको कुसुमावती तांदूळ निवडत होती.

"माझी शर्यत घालवलीस तू!" भीमसेनराव कडाडले.

"शर्यतीचं मला काय कळतंय?" ती म्हणाली. "माहेरी कलघटगीला जाताना गाडीला झेपत नाही म्हणून तुम्ही मला चढाखाली उतरवता. नऊ वर्षं मी तो चढ पायी चढतेय. दोघांना घेऊन गाडी वर जाईल असं काही करा, एवढंच मी अण्णांना कळवलं."

रविवारी भीमसेनरावांनी तिला मागे बसवून कलघटगीला नेलं. गाडी कुठेही न अडता चढली.

माथ्यावर कुसुमावतीनं मागे वळून पाहिलं.

"एवढासाच होता होय हा चढ!"