डाव्या हातावरची खडीसाखर

पहिला चेंडू जाळीवर जाऊन आदळला तेव्हा साधनाने जोरात टाळ्या वाजवल्या.

आजूबाजूला दुसरं कुणीच वाजवत नव्हतं, म्हणून तिने हात आवरते घेतले. बेसबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. दर शुक्रवारी सकाळी तिचा लेक वेदांग बापाबरोबर मैदानावर यायचा आणि ती दुबईतल्या अल बर्शाच्या घरात पूजा नि स्वयंपाक उरकत बसायची. आज मात्र आली होती. यायलाच हवं होतं. २००९ साल होतं. नवऱ्याच्या, सूर्यकांतच्या कंपनीने टॉवरचं काम अर्ध्यावर टाकून सगळ्यांना खलास म्हणून सांगितलं होतं, आणि पुण्याला न्यायची खोकी हॉलमध्ये बांधून पडली होती. अमेरिकेहून पोरं पारखायला आलेल्या पाहुण्याने आज वेदांगला निवडलं, तर तिथल्या अकादमीत राहणं, शिकणं, खेळणं, सगळं त्यांच्याकडे. नाही निवडलं, तर खोक्यांबरोबर पोरगाही पुण्याला. तिथे बेसबॉल म्हटलं की लोक विचारणार, म्हणजे क्रिकेटच ना?

दुसरा चेंडू मध्येच जमिनीवर आपटला. तिसरा कुठल्या कुठे गेला. पाहुण्याने वेग मोजायचं यंत्र मांडीवर ठेवलं नि घड्याळात पाहिलं.

"वेदांग! व्हॉट आर यू डूइंग, मॅन?" कोच ओरडला.

सूर्यकांतचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेजारी रफिक बसला होता; त्याचाही मुलगा याच टीममधला. तो वाकून म्हणाला, "सूर्यकांतभाई, आपका बेटा आज सीधे हाथ से क्यूँ फेंक रहा है?"

"सीधे हाथ से नहीं तो कौनसे हाथ से फेंकेगा, भाईसाब?" साधनाने विचारलं.

रफिकने सूर्यकांतकडे पाहिलं. सूर्यकांत आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "अगं, तो डावखुरा आहे."

"कोण?"

"आपला वेदांग."

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून."

बोबडं बोलायचा तेव्हापासून तिने त्याच्या डाव्या हातातला घास काढून उजव्यात दिला होता. जेवण उजव्याने, लिहिणं उजव्याने, प्रसाद घेताना उजवा वर नि डावा मुकाट्याने त्याच्या खाली. खोड मोडली एकदाची, असं तिने सासूबाईंना फोनवर कौतुकाने कळवलंही होतं. चामड्याचा तो भलामोठा हातमोजा पोरगा घरभर उजव्या हातात मिरवायचा. बरोबर हातात घातलाय म्हणून ती खूशच व्हायची! तो मोजा झेलायच्या हातात घालतात आणि फेकायचा हात मोकळा ठेवतात, हे तिला आत्ता कळत होतं.

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"त्यानेच शपथ घातली होती. आईला कळलं तर खेळ बंद, म्हणाला."

"मग आज का उजव्याने फेकतोय मेला?"

"तू आलीयेस ना."

साधनाला एकदम रडूच फुटलं. मघाशी गेटपाशी देवाची खडीसाखर देताना गडबडीत त्याने डावा हात पुढे केला होता आणि तिने त्यावर चापट मारली होती. एवढा घोडा झालास, तरी सांगायला लागतं? आजच्या दिवशी तरी!

ती उठली आणि जाळीचं दार ढकलून तरातरा मैदानात शिरली.

"मॅडम! मॅडम, प्लीज!" कोच धावत आला.

"टू मिनिट्स," साधना म्हणाली आणि थांबली नाही.

तिला येताना पाहून वेदांग आणखीच घाबरला. मोजा काखेत, डोळे काठोकाठ भरलेले. "सॉरी, आई. आय ॲम ट्रायिंग. खरंच."

तिने पर्समधून कागदाची पुडी काढली. "हात पुढे कर."

त्याने उजवा हात पुढे केला.

"तो नव्हे."

पोरगा बघतच राहिला. "आई?"

"दुसरा. यल्ला, आटप, तो माणूस घड्याळ बघतोय."

डावा हात कचरत वर आला. चापट बसली तर मागे घेता यावा, असा अर्धवट. तिने तो मनगटाला धरून सरळ केला. बोटांच्या पेरांवर केवढाले घट्टे पडले होते! पोटचं पोर, पण या हाताकडे तिने कधी धड पाहिलंच नव्हतं. तिने खडीसाखर त्याच्या तळव्यावर ठेवली.

"खा. आणि आता फेक."

पुढचा चेंडू तिला दिसलाच नाही. नुसता फाडकन आवाज आला, आणि झेलणारा मुलगा मोज्यासकट मागे कलंडला. पाहुणा यंत्र हातात घेऊन उभा राहिला. त्याने आकडा पाहिला, यंत्र झटकलं, पुन्हा पाहिलं. "माशाल्ला," रफिक पुटपुटला. साधनाने या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती तोंडावर हात धरून उभी होती.

वेदांग अमेरिकेला गेला. सूर्यकांतला शारजात छोटी नोकरी मिळाली आणि खोकी पुण्याऐवजी तिकडे गेली. अकादमी, मग लहानसहान गावांतल्या लीग, मग मेजर लीग. आता तो मैदानात आला की अख्खं स्टेडियम उठून उभं राहतं. पहिला चेंडू टाकण्याआधी तो उजव्या हातातल्या मोज्यावर आपला डावा तळवा उघडा ठेवतो, क्षणभर थांबतो, मग कपाळाला लावतो. हे काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही, असं टीव्हीवरचे लोक दर वेळी हसून सांगतात.

"बघ, तुझी आठवण काढतोय," सूर्यकांत म्हणतो.

"नाही हो," पडद्यावरच्या त्या हाताकडे बघत साधना म्हणते. "पोर अजून परवानगी मागतंय."